खेड्यातल्या एका दिवसाच्या साहित्य संमेलनाला लांबून जावं का, की देणगी पाठवली तरी चालेल?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आजोळ बेळगाव तालुक्यात, राहणं पुण्यात. आजोळच्या शेजारच्या गावात दर हिवाळ्यात एका दिवसाचं मराठी साहित्य संमेलन भरतं, पुस्तकांचे पाच-सहा स्टॉल लागतात, नाव घ्यावं असे लेखक फारसे नसतात. एवढ्यासाठी जावं का, की पाच हजार रुपये पाठवून मोकळं व्हावं?

जा. जाताना खिशात रोख पैसे ठेवा आणि दुपारी तीननंतरही खुर्चीत बसायची तयारी ठेवा. मंडप, जेवण, स्पीकर हे सगळं गाव करतं, त्यासाठी तुमच्या-माझ्यावाचून अडत नाही. अडतं ते पुस्तक विकत घेणाऱ्यावाचून आणि शेवटपर्यंत ऐकणाऱ्यावाचून.

मी कोल्हापूरचा, पण मामाचं गाव तिकडचं. गेली बारा-तेरा वर्षं थंडीतला एक तरी रविवार मी त्या भागात असतो. कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा, कुद्रेमनी, बेळगुंदी, निपाणीच्या अंगाला कारदगा, अशी संमेलनं भरवणारी बरीच गावं आहेत. महाराष्ट्रातल्या माणसाला सांगितलं तर आधी खरं वाटत नाही. आपल्याकडं तालुक्याच्या गावाला जे जमत नाही ते ही खेडी कर्नाटकात राहून वर्षानुवर्षं करतात.

त्याला कारण आहे. बेळगावात अखिल भारतीय संमेलन १९२९ ला झालं, १९४६ ला झालं आणि पुन्हा २००० ला झालं. यातलं १९४६ चं महत्त्वाचं. ग. त्र्यं. माडखोलकर अध्यक्ष होते आणि संयुक्त महाराष्ट्राचा ठराव तिथंच झाला. पुढं १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं, १९६० ला महाराष्ट्र झाला, आणि ज्या गावात ठराव झाला तेच बाहेर राहिलं. त्यामुळं इथलं संमेलन म्हणजे नुसती हौस नाही. आजही बऱ्याच ठिकाणी समारोपाला सीमाभाग महाराष्ट्रात यावा असा ठराव वाचला जातो आणि सकाळपासून मागं गप्पा मारत बसलेले लोक तेवढ्यापुरते उठून उभे राहतात.

दिवस कसा जातो ते सांगतो, म्हणजे कुठं काय करायचं ते कळेल.

सकाळी आठ-साडेआठला देवळापासून ग्रंथदिंडी निघते. ही चुकवू नका. पालखीत ज्ञानेश्वरी, तुकोबांची गाथा, अलीकडं जोडीला संविधान. पुढं लेझीम, मागं भजनी मंडळ, डोक्यावर कलश घेतलेल्या बायका, शिवाजी-जिजाऊ झालेली शाळेची पोरं. दारोदारी सडा-रांगोळी असते. पालखी दारात आली की घरातली बाई तांब्या घेऊन येते, पालखी धरणाऱ्यांच्या पायांवर पाणी घालते, पुस्तकांना हळदकुंकू वाहते. हे दरवर्षी बघतो, तरी अजून अंगावर काटा येतो.

मग मंडप. उद्‌घाटनाची वेळ पत्रिकेवर दहाची असते, प्रत्यक्षात साडेअकरा. त्यानंतर सत्कार. शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह. देणगीदार, माजी पदाधिकारी, मंडपासाठी जागा देणारे, सगळ्यांचे. इथं माझी आयोजकांशी जुनी तक्रार आहे. दीड तास सत्कारात गेला की जेवण अडीचला होतं, आणि पोटातलं ते उशिराचं जेवण कथाकथनाला आणि कविसंमेलनाला मारतं. कवींना सांगितलं जातं, एकच कविता, तीन मिनिटं. ज्याच्यासाठी मांडव घातला त्यालाच घाई. पण नारळ कुणाचा वगळायचा हे ज्याला गावात राहायचं असतं त्यालाच कळतं, त्यामुळं मी आता नुसतं कुरकुरतो.

जेवण मात्र सोडू नका. मसालेभात, वांग्याची भाजी, शिरा, ताक. वाढणारी गावातलीच पोरं. “आणि घ्या की हो पाव्हणं” म्हणत शिरा ताटात पडतोच.

आता स्टॉलकडं या. तुमच्या मदतीची खरी जागा ही.

पालखीतल्या पुस्तकाला हळदकुंकू वाहणारं गाव स्टॉलवरचं पुस्तक लांबूनच बघतं. त्यात ढोंग नाही. अडीच-तीनशेचं पुस्तक म्हणजे शेतात राबणाऱ्या बाईची एका दिवसाची मजुरी. त्यामुळं विकलं जातं ते ठरलेलं: हरिपाठ, स्वयंपाकाचं, शिवचरित्र, स्पर्धा परीक्षेचं, थोडं शेतीचं. कथा-कादंबरी उचलून, मागचं वाचून, परत ठेवली जाते.

विक्रेत्याचा हिशेब बघा. समजा, दोनशेचं पुस्तक त्याला एकशेतीसला पडलं. दहा टक्के सूट दिली की मागं पन्नास राहिले. अशी वीस पुस्तकं गेली तर हजार रुपये. त्यातून टेम्पोचं भाडं आणि सोबतच्या पोराचा रोज. एका वर्षी संध्याकाळी मी एका विक्रेत्याला खोकी भरायला हात लावत होतो. पन्नाशीचा माणूस, कोल्हापूर जिल्ह्यातूनच आलेला. धूळ बसू नये म्हणून त्यानं टेबलावर पारदर्शक प्लास्टिक अंथरलं होतं, आणि कुणी पुस्तक मागितलं की तेवढाच कोपरा उचलायचा. “झालं का काही?” विचारलं तर म्हणाला, “डिझेल निघालं.” आणि हसला. पुढच्या वर्षी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

स्टॉलवाले यायचे थांबले की संमेलनाला मागं भाषणं तेवढी उरतात. म्हणून माझा नेम आहे: वर्षभरात जी पुस्तकं मोबाईलवरून मागवली असती त्यांतली पाच-सहा यादी करून ठेवायची आणि तिथं घ्यायची. सगळी मिळत नाहीत, दोन मिळतात, बाकी चार दुसरीच घेतली जातात. सुटीसाठी घासाघीस करू नका. आणि रोख न्या असं म्हणालो ते एवढ्यासाठीच, की दिवसभर मंडपात रेंज येते-जाते आणि “पैसे कटले पण आले नाहीत” या वादात गिऱ्हाईक निघून जातं.

तुमच्या पाच हजारांचं सांगतो. पावती फाडू नका. आयोजकांना आधी फोन करा आणि सांगा, मी एवढ्या रकमेची पुस्तकं इथल्याच स्टॉलवरून घेऊन गावातल्या मराठी शाळेला देतो. पैसे तेच, पण विक्रेत्यालाही लागतात आणि शाळेलाही. फक्त निवड तुम्ही करू नका. मी पहिल्या वर्षी केली होती. आपण लहानपणी वाचलेलं तेच चांगलं अशा गैरसमजात. दुसऱ्या वर्षी बाईंना आणि सातवीच्या चार पोरींना स्टॉलवर सोडलं. त्यांनी काय घेतलं? भुताच्या गोष्टी, कोड्यांची पुस्तकं, विज्ञानाचे प्रयोग, एक रांगोळीचं, आणि एक मराठी-कन्नड शब्दकोश. तो शब्दकोश माझ्या डोक्यात सात जन्मात आला नसता. त्या पोरी घरी मराठी बोलतात, बसच्या कंडक्टरशी कन्नड, आणि शाळेत दोन्ही शिकतात. त्यांचं जग मला कोल्हापुरात बसून कुठून कळणार?

आणखी एक चूक कबूल करतो, म्हणजे तुम्ही करणार नाही. सुरुवातीला मी घरातली जुनी पुस्तकं दोन खोकी भरून गावच्या वाचनालयाला नेऊन दिली. फार मोठं काम केलं असं वाटलं होतं. पुढच्या वर्षी तिथं बसणारे काका चहा देता देता हळूच म्हणाले, “तुमच्या खोक्यात गाईडं निघाली बघा, जुन्या अभ्यासक्रमाची. टाकून देववेनात, ठेवायला कपाट न्हाई.” कान लाल झाले. वाचनालय म्हणजे बारा बाय बाराची खोली आणि तीन कपाटं, त्यातलं अर्धं मी माझ्या रद्दीनं अडवलं होतं. महाराष्ट्रातल्या गावच्या वाचनालयाला निदान १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली वर्ग आणि अनुदान मिळायची वाट असते. सीमेपलीकडं तो कायदा लागू नाही, तिथली कपाटं लोकांनीच घेतलेली. तेव्हा जुनी पुस्तकं द्यायचीच असतील तर आधी यादी पाठवा, त्यांना हवी ती पंधरा-वीस निवडू द्या. वर्षामधे पाठवायची झाली तर टपाल खात्याची ‘ज्ञान पोस्ट’ आहे, १ मे २०२५ पासून सुरू झालेली. तीनशे ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि पाच किलोपर्यंत १०० रुपये, वर कर. कुरिअरपेक्षा कितीतरी स्वस्त पडतं.

आणि कवी! शबनम पिशवीत स्वतःच्या संग्रहाच्या दहा प्रती घेऊन फिरणारा एक तरी कवी तुम्हाला गाठेलच. पदरचे पैसे घालून पुस्तक काढलेलं असतं, पलंगाखाली गठ्ठे असतात. तो ‘सप्रेम भेट’ लिहून प्रत हातात देईल. घ्या, पण किंमत देऊन घ्या. तो नको म्हणेल, दोनदा म्हणेल, तिसऱ्यांदा घेईल. कविता बऱ्या नसतील तरी पैसे द्या. कविता वाईट असणं हा काही फुकट घेण्याचा परवाना नव्हे.

आता दुपारचं. जेवणानंतर मंडप रिकामा होतो. थंडीचे दिवस म्हणजे उसाची तोड चालू, चारनंतर धारा काढायच्या असतात, लोक थांबणार कसे? चारशे खुर्च्यांत पन्नास-साठ डोकी, त्यातली निम्मी शाळेनं बसवलेली. पाहुणे म्हणून आलेले बरेच जणही आपलं भाषण झालं की गाडीत बसतात, हे मला अजिबात आवडत नाही. तुम्ही थांबा. पुढच्या रांगेत येऊन बसा, इतकंच काम.

एका वर्षी कविसंमेलनाला तीसेक माणसं उरली होती. पंचविशीतला एक पोरगा उभा राहिला, कागद हातात थरथरत होता, माईक लांब धरलेला. बुजवून टाकलेल्या आडावर कविता होती. पहिल्या रांगेत नऊवारीतल्या दोन म्हाताऱ्या बसल्या होत्या. त्या कवितेसाठी थांबल्या नव्हत्या. सकाळी कलश घेऊन आल्या होत्या आणि परत जायला ट्रॅक्टरची वाट बघत होत्या. पोरगा दुसऱ्या कडव्यावर आला तशी त्यातली एक शेजारणीला मोठ्यानं म्हणाली, “आमच्या आडाचंच सांगालाय की गं ह्यो.” मंडपात सगळ्यांना ऐकू गेलं. पोरगा थांबला, हसला, आणि मग कागदाकडं न बघता पुढचं म्हणाला. सूत्रसंचालकानं तीन मिनिटांची घंटा हातात धरली होती, ती वाजवलीच नाही.

मोठ्या संमेलनांतही मी गेलोय. तिथं पुस्तकं हजारोंनी असतात, गर्दी असते, सगळं खरं. पण तिथं मी एकटा उठून गेलो तर कुणाला कळत नाही. इथं साठातला एक उठला की बोलणाऱ्याचा आवाज उतरतो.

जाण्याचं म्हणाल तर पुण्याहून रात्रीची बस धरली की पहाटे बेळगाव. तिथून सीबीटीवरून, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकावरून, खेड्यांच्या बस सुटतात. बहुतेक गावं पाऊण तासाच्या आत. तारीख ठरलेली नसते, डिसेंबर ते फेब्रुवारीतला कुठलातरी रविवार, तेव्हा आजोळी कुणालातरी सांगून ठेवा. पुस्तकांसाठी एक रिकामी पिशवी न्या. आणि स्वेटर न्या, पहाटे सीबीटीवर उतरल्यावर लागेल आणि संध्याकाळी कविसंमेलनात परत लागेल. शेवटची बस चुकली तर मंडपातल्या कुणालाही सांगा, बेळगावकडं जाणारी कुणाची तरी गाडी असतेच. मला दोनदा पुस्तकाच्या टेम्पोनं सोडलंय.