तरुण संघ हाती घेतलास, तर एवढं कर

साताऱ्यात चर्चचा तरुण संघ सांभाळायला घेतलास, बरं झालं. पण लगेच कन्व्हेन्शन, बॅनर, साउंड सिस्टिमच्या मागे लागू नकोस. दोन-तीन मुलं हेर आणि दर आठवड्याला त्यांच्याबरोबर बायबलमधलं मार्काचं शुभवर्तमान वाच. प्रश्न त्यांना विचारू दे. उत्तर येत नसेल तर सरळ पाळकांकडे (चर्चच्या पास्टरांकडे) घेऊन जा. बाप्तिस्मा झाला की शिष्यत्व संपलं, असंच आपल्याकडे धरून चालतात. बारावीनंतर पुण्याला निघालेल्या पोराच्या हातात तिथल्या पाळकांचा नंबर दे, नाहीतर ते थेट नाताळालाच दिसतं.

ख्रिस्ती नसलेले मित्र आले तर बसू दे. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून इथंच ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला, तोही बाप्तिस्मा न घेतलेल्यांना जागा ठेवून.

सगळं एकट्याने ओढू नकोस. बायबलमध्ये निर्गमाच्या 18व्या अध्यायात सासरा इथ्रो मोशेला तेच सुनावतो, दहा-दहांवरसुद्धा नायक नेम म्हणतो. आपल्याकडे दानपेटी, किल्ल्या आणि खजिना एकाच माणसाकडे (आणि तो बहुधा तापटही). दान दोघांनी मोजायचं, तिथंच वहीत लिहायचं, दोघांच्या सह्या घ्यायच्या. निम्मी भांडणं पैशातूनच उठतात. आणि चर्चच्या पंचांच्या निवडणुकीत व्हॉट्सअ‍ॅपवर कुणाचीच बाजू घेऊ नकोस.