आयर्लंडच्या निवडणुकीत कुठल्या वस्तीने कोणाला मत दिलं, याचा नकाशा बनवता येतो का?

तुमचा प्रश्न असा, की आपल्याकडे फॉर्म २० मधून बूथवार आकडे मिळतात तसे डब्लिनचे कुठे मिळतील, आणि आयर्लंडचे माजी पंतप्रधान लिओ वराडकर यांच्या भागातल्या भारतीय वस्त्यांनी कोणाला मतं दिली ते नकाशावर दाखवता येईल का. पहिल्याचं उत्तर: सरकारकडून मिळत नाहीत. दुसऱ्यावरून माझा आणि माझ्या साडूंचा वर्षभर अबोला होता, म्हणून लिहायला बसलोय.

इथे पेटी उघडली की आतल्या मतपत्रिकांचा आकडा जुळवतात आणि मग सगळ्या पेट्या एकत्र मिसळतात. निकाल लागतो तो अख्ख्या मतदारसंघाचा. वस्तीवार जे काही कळतं ते टॅलीवाल्यांच्या, म्हणजे मोजणी बघून मतं टिपणाऱ्या पक्षांच्या कार्यकर्त्यांच्या कृपेने. इथे मतदार उमेदवारांपुढे १, २, ३ असे पसंतीक्रम लिहितो. कर्मचारी मतपत्रिका उलगडून सरळ करत असतात, तेवढ्या वेळात कठड्याबाहेर उभं राहून '१' कोणापुढे लिहिलाय ते बघायचं आणि रेघ मारायची. एरवी एकमेकांना पाण्यात बघणारे पक्ष इथे पेट्या वाटून घेतात आणि आकड्यांची देवाणघेवाण करतात.

जून २०२४ च्या स्थानिक निवडणुकीत मीही असाच उभा होतो. युरोपीय संसदेचं मतदान त्याच दिवशी झालेलं, दोन्ही मतपत्रिका एकाच पेटीत, त्या आधी वेगळ्या करायच्या. माझ्या हातात पॅड, पेन्सिल, आडनावांच्या क्रमाने उमेदवारांची यादी. शेजारी विरोधी पक्षाच्या सत्तरीतल्या आजीबाई. त्या नाव पुटपुटायच्या, मी चार उभ्या आणि एक आडवी रेघ मारायचो. समोरचा कर्मचारी म्हणजे कॉलेजचा पोरगा, हात विजेसारखा. प्रत्येक मतपत्रिका तो डाव्या हाताने वरच्या टोकाला दाबून धरायचा, त्यामुळे यादीतली वरची दोन-तीन नावं त्याच्या पंजाखाली. आजीबाई दोनदा म्हणाल्या, बाळा, हात जरा खाली घे. त्याने घेतला, आणि पाच मिनिटांत तो पुन्हा वर गेला. आम्ही ज्या भारतीय वंशाच्या उमेदवारासाठी राबत होतो, त्याचं आडनाव वर्णमालेत अगदी वरचं.

हे मला तेव्हाच दिसत होतं. तरीही घरी येऊन मी नकाशा केला. काउन्सिलच्या मतदान योजनेत कुठली इस्टेट (घरांची वसाहत) कुठल्या मतदान विभागात ते लिहिलेलं असतं. ते वाचून, जनगणना खात्याच्या 'स्मॉल एरिया' नावाच्या छोट्या विभागांच्या हद्दी क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये घेऊन, हाताने एकेक तुकडा जोडला. तीन रात्री गेल्या. रंग भरले, फार देखणा दिसत होता. कौतुक करून घ्यायला फॅमिली ग्रुपवर टाकला आणि फसलो.

साडूंनी स्क्रीनशॉट काढला, आमच्या इस्टेटभोवती लाल गोल केला आणि मंडळाच्या ग्रुपवर पाठवला: "आपल्याच लोकांनी आपल्या माणसाला पाडलं." त्याखाली नव्वद मेसेज. गणपतीत लोक आमच्याकडे आरतीला आले ते गप्प गप्प. ज्या पेटीतली जेमतेम निम्मी मतं आम्हाला धड दिसली होती, तिला मी पूर्ण पेटीसारखा रंग दिला होता. एवढी चूक माझी, मान्य. पण फिकट रंग म्हणजे गद्दारी, हा शोध साडूंचा.

म्हणून सांगतो, 'भारतीय वस्ती' दाखवायचा नाद सोडा. मतपेटीला जात नसते, धर्म नसतो, पासपोर्ट नसतो. एका शाळेत चार टेबलं, एकेका टेबलावर दोन-तीन इस्टेटी. आणि स्थानिक निवडणुकीत इथे राहणारा कोणीही मत देऊ शकतो, यादीत नाव असलं की झालं. संसदेच्या, म्हणजे डॉलच्या, निवडणुकीत मात्र आयरिश किंवा ब्रिटिश नागरिकत्व लागतं. तेव्हा वराडकर उभे असताना आमच्या गल्लीतली निम्मी मराठी घरं नुसती टीव्हीसमोर बसायची. मालवणातल्या वराडचं नाव निघालं की अभिमानाने बोलायचे सगळे, मत मात्र नव्हतं.

शिवाय टॅलीत दिसते फक्त पहिली पसंती. २०२० मध्ये वराडकर स्वतः पंतप्रधान असताना पाचव्या फेरीत निवडून आले, म्हणजे दुसऱ्यांच्या मतपत्रिकांवरचे पुढचे पसंतीक्रम लागले. ते कुठल्या गल्लीतून आले, हे कुठल्याच नकाशात दिसणार नाही. पसंतीक्रमांचाच अभ्यास करायचा असेल तर २००२ साली मीथ, डब्लिन नॉर्थ आणि डब्लिन वेस्टमध्ये मतदान यंत्रांचा प्रयोग झाला होता, त्याची सगळी मतं पसंतीक्रमासकट जाहीर झालेली आहेत. त्या यंत्रांवर पाच कोटी युरोंहून जास्त उधळले आणि २०१२ मध्ये ती भंगारात काढली. टॅलीवाले खूश.

नकाशाच करायचाय तर केरी जिल्हा घ्या. २०१६ मध्ये मायकल आणि डॅनी हीली-रे या भावांनी एकाच मतदारसंघात जिल्हा वाटून घेतला आणि दोघेही निवडून आले. उमेदवाराचं घर कुठे आणि कुठल्या गावाला कोणाला एक नंबर द्यायला सांगितलंय, हे तिथे रंगांत छान उतरतं. प्रत्येक पेटीला किती टक्के मतं प्रत्यक्ष पाहिली ते मात्र लिहा, आणि कमी असतील तर ती पेटी कोरी सोडा. मी सोडली नाही.

हां, खेड्यातल्या छोट्या पेट्यांची टॅली बरीच अचूक निघते, हेही खरं. माझा अनुभव शहरातला, आणि एकाच निवडणुकीचा.

राहता राहिले साडू. मतदान योजनेचं ते पान मी त्यांना या गणपतीत छापून दिलं. त्यांची इस्टेट आणि आमची इस्टेट, शाळा एक, टेबल एक, पेटी एक. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं आणि मोदक मागितला. स्क्रीनशॉट अजून ग्रुपवर आहे.