‘हस ना’ म्हणण्याआधी

प्रश्न : माझी मुलगी अडीच वर्षांची आहे. संक्रांतीनंतर तिचे बोरन्हाण केले, तेव्हा काळे परकर-पोलके आणि हलव्याचे दागिने घालून मोबाइलवर चाळीसेक फोटो काढले. परंतु बहुतेकांत ती ओठ ताणून, दात दाखवत उभी आहे. शिवाय चेहरा कुठे पांढराफटक, तर कुठे हलल्यामुळे पुसट आला आहे. एरवी घरभर बागडताना दिसते तशी ती फोटोत कशी यावी?
— एक वाचक, सातारा

उत्तर : आपण लिहिलेल्या तीन दोषांपैकी दोन कॅमेऱ्याचे आहेत, पहिला मात्र, क्षमा असावी, घरातील मोठ्या माणसांचा आहे. चार जणांनी एकदम ‘इकडे बघ, हस ना’ असे सांगितले की मूल आज्ञा पाळते, म्हणजे ओठ फाकवते. खऱ्या हसण्यात डोळ्यांभोवतीचा स्नायूही आकुंचन पावतो आणि तो सांगून सहसा हलत नाही, हे ड्यूशेन या फ्रेंच वैद्याने १८६२ सालीच दाखवून दिले होते. म्हणून हसण्याची मागणी न करता तिच्या हाताला काम द्यावे. बोरे आणि कुरमुरे वाटीत वेचायला सांगावे, घट्ट झाकणाचा डबा उघडायला द्यावा किंवा गळ्यातल्या हाराचा हलवा गुपचूप तोंडात टाकू द्यावा (तो ती टाकणारच). गप्पा मारणारी व्यक्ती एकच असावी आणि तिने फोटो काढणाऱ्याच्या खांद्याशी बसावे, म्हणजे मुलीची नजर आपोआप कॅमेऱ्याजवळ येते.

फोटो काढणाऱ्याने जमिनीवर बसावे. उभ्याने काढल्यास डोके मोठे आणि पाय आखूड दिसतात. मोबाइलची नेहमीची भिंग रुंद कोनाची असल्याने अगदी जवळ गेल्यास नाक फुगीर येते. त्यापेक्षा पाच-सहा फूट मागे सरकून दुप्पट झूम वापरावा.

चेहरा पांढरा पडण्याचे कारण त्या काळ्या कपड्यांत आहे. चौकटीत काळा रंग जास्त असला की कॅमेऱ्याला दृश्य अंधारे वाटते, तो सगळेच उजळवतो, आणि त्यात आधीच शुभ्र असलेला हलवा व मुलीचे गाल तपशील गमावतात. पडद्यावर चेहऱ्यावर बोट टेकवून उजेडाची पट्टी थोडी खाली ओढली की हे टळते. फोटो किंचित काळपट आला तरी तो नंतर उजळवता येतो. पांढरा पडलेला गाल मात्र परत मिळत नाही.

पुसटपणा उजेडाच्या कमतरतेमुळे येतो. दिवाणखान्यात ट्यूबलाइटखाली शटर (कॅमेऱ्यात उजेड आत घेणारी झडप) १/३० सेकंदापर्यंत मंदावते, आणि चुळबुळणाऱ्या मुलासाठी निदान १/२५० सेकंद तरी हवे. त्यामुळे सकाळी खिडकीपासून दोन-तीन फुटांवर, चेहरा तिरका उजेडाकडे येईल असे तिला बसवावे, ऊन थेट येत असल्यास पातळ पडदा ओढावा आणि घरातले दिवे मालवावेत, नाहीतर एक गाल पिवळा व दुसरा निळसर दिसतो. डोळ्यांत खिडकीचा लहानसा ठिपका चमकला की जागा जमली असे समजावे. फ्लॅश बंदच ठेवावा. भर दुपारी अंगणात नेऊ नये. डोळ्यांखाली सावल्या पडतात आणि मूल डोळे बारीक करते. मागची वस्तू धूसर करणारा पोर्ट्रेट मोड मी तरी हलव्याच्या मुकुटावर वापरणार नाही, कारण केसांच्या व दाण्यांच्या कडा तो हमखास खातो. तिला भिंतीपासून सहा-सात फूट पुढे बसवले तरी पुरेसा उठाव येतो.

बोरन्हाण पाच वर्षांपर्यंत करण्याची पद्धत असल्याने पुढच्या वर्षी आपल्याला पुन्हा संधी आहे. तेव्हा पाहुणे येण्याच्या अर्धा तास आधी, मुलीची झोप आणि खाणे झालेले असताना, दागिने घालून खिडकीपाशी दहा मिनिटे बसावे. मग समारंभात कोणी कितीही ‘हस, हस’ म्हटले तरी आपल्याजवळ फोटो तयार असेल.