सरकारने माध्यमांना ‘सकारात्मक बातम्या द्या’ म्हणणं हा दबाव आहे का?

नुसतं म्हणणं नाही. न ऐकल्यास जाहिराती थांबल्या, तर नक्कीच. ठाण्यातल्या एका छोट्या साप्ताहिकात मी पानं लावायचो. घोडबंदर रोडच्या खड्ड्यांचा फोटो पहिल्या पानावर गेला, की पुढच्या अंकात सरकारी निविदांच्या जाहिरातींची चौकट रिकामी. तिथे आम्ही राशिभविष्य मोठ्या टायपात भरायचो. लेखी आदेश कधीच नसायचा!

आर्थिक वेसण जुनीच आहे. पानांच्या संख्येनुसार वृत्तपत्रांची किंमत ठरवणारा १९५६चा कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९६१ साली ‘सकाळ’च्या खटल्यात रद्द केला. तरी २०२५मध्ये राज्य सरकारने बातम्यांची सकारात्मक-नकारात्मक वर्गवारी करणारं १० कोटींचं केंद्र मंजूर केलंच. मला याची खरंच काळजी वाटते. रस्ता दुरुस्त झाला, तेव्हा तीही बातमी आम्ही पहिल्याच पानावर छापली होती, कुणी न सांगता.