चालताना, धावताना सांध्यांवर वजनाच्या किती पट भार येतो आणि तो मोजतात कसा?

आधी जमिनीचं बघू. पाय जमिनीला जेवढा दाबतो, तेवढ्याच जोराने जमीन पायाला उलट ढकलते. हे बल मोजायला प्रयोगशाळेत जमिनीच्या पातळीत ‘फोर्स प्लेट’ बसवतात. तिच्या चार कोपऱ्यांतले सेन्सर वर-खाली, पुढे-मागे आणि आडव्या दिशेचं बल सेकंदाला सुमारे १००० वेळा नोंदवतात. ६० किलोच्या माणसाचं वजन साधारण ५९० न्यूटन. चालताना प्लेटवरचा आकडा त्याच्या १.१ ते १.२ पट जातो, धावताना दोन ते तीन पट.

पण सांध्यावरचा भार याहून जास्त असतो, आणि बहुतेकांची समजूत इथेच चुकते. एका पायाच्या चवड्यावर उभे राहा. घोट्यापासून चवडा साधारण १२ सेंमी पुढे, तर पोटरीची शीर (रक्तवाहिनी नव्हे, पोटरीचा स्नायू टाचेच्या हाडाला जोडणारी दोरी) जेमतेम ५ सेंमी मागे. तोल राखायला त्या शिरेला वजनाच्या सव्वादोन-अडीच पट ओढावं लागतं. ती ओढ आणि शरीराचं वजन, दोन्ही मिळून घोट्यावर तिपटीहून जास्त भार येतो. म्हणजे सांधा मुख्यतः स्नायूंच्या ओढीने दाबला जातो!

जिवंत माणसाच्या सांध्यातला भार थेट मोजणं अवघड, म्हणून तो बहुधा प्लेट आणि कॅमेऱ्यांच्या नोंदींवरून गणिताने काढतात. बर्लिनमध्ये मात्र काही रुग्णांना सेन्सर असलेले कृत्रिम गुडघे बसवून तो प्रत्यक्ष मोजला आहे: सपाटीवर चालताना वजनाच्या सुमारे अडीच पट, जिना उतरताना साडेतीनच्या आसपास.

घरी काट्याच्या वजनकाट्यावर उभं राहून झटकन खाली बसून पाहा. काटा आधी खाली येतो, थांबताना वर उसळतो.