यंत्र एकच, मग कोटेशनांत एवढा फरक का?

प्रश्न : आमचं घर सगळ्यात वरच्या मजल्यावर, तीन खोल्यांचं. उन्हाळ्यात गारवा आणि थंडीत ऊब देणारी एकच यंत्रणा बसवायची आहे. तीन कोटेशनं आली. कंपनी तीच, मॉडेल तेच, पण तिसरं पहिल्याच्या जवळजवळ दुप्पट. मी गोंधळून गेले आहे. सर, स्वस्तातलं घ्यावं का?

उत्तर : ताई, आधी मला हे सांगा, तिघांपैकी टेप घेऊन घरभर कोण फिरलं? पश्चिमेला खिडकी आहे का, छत किती तापतं, खोलीत माणसं किती असतात, हे कोणी विचारलं? ज्याने फोनवरच 'दोन टन लागेल' असं सांगून टाकलं, त्याचा कागद बाजूला ठेवा, मग आकडा कितीही मोहात पाडणारा असो.

टन म्हणजे यंत्राचं वजन नव्हे. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढी घरातून उपसून बाहेर टाकण्याची ती क्षमता. ताशी १२,००० बीटीयू (उष्णता मोजण्याचं एकक), म्हणजे साधारण साडेतीन किलोवॉट. 'जरा मोठंच घेऊ' असं म्हणून मीही सुरुवातीला लोकांना जास्त टनाची यंत्रं बसवून दिली. खोली झटकन गार होते, यंत्र थांबतं, पण हवेतला दमटपणा तसाच राहतो. गार आणि चिकट खोलीत झोप लागत नाही. तुमचं घर वरच्या मजल्यावर आहे, म्हणून आधी छतावर उष्णतारोधक थर द्या आणि मगच टनाचा हिशेब करायला लावा. आकडा खाली येऊ शकतो, आणि तो थर थंडीतही उपयोगी पडतो.

आता दुपटीचा फरक. यंत्र एकच आहे, तेव्हा तो तांब्याच्या नळ्या, वायरिंग आणि कामाला दिलेला वेळ यांत शोधायला हवा. यंत्रात कारखान्यातून भरलेला गॅस ठरावीक लांबीच्या नळीपुरता असतो. बाहेरचं युनिट लांब ठेवलं की नळी वाढते, गॅसही वाढतो. स्वस्त कोटेशनात बहुधा 'जादा नळी मीटरप्रमाणे' अशी बारीक ओळ असते. ती शोधा.

सगळ्यात जास्त वेळ खाणारं काम मात्र डोळ्यांना दिसत नाही. नळ्या जोडल्यावर त्यांत नायट्रोजन भरून दाब टिकतो का ते पाहायचं, मग व्हॅक्यूम पंप लावून मीटर ५०० मायक्रॉनच्या (इथे मायक्रॉन म्हणजे नळीत उरलेल्या दाबाचं माप) खाली येईपर्यंत आतली हवा आणि ओल काढायची. घाईतले लोक पंप लावतच नाहीत, थोडा गॅस सोडून हवा बाहेर ढकलतात. ओल आत राहिली की ती यंत्रातल्या तेलात मिसळून आम्ल तयार होतं आणि काँप्रेसर, म्हणजे गॅस दाबणारा भाग, हळूहळू खराब होतो. यंत्रात आर-३२ नावाचा गॅस असेल तर तो थोडा ज्वलनशीलही असतो, त्यामुळे तो असा बाहेर सोडणं धोक्याचंच. एका घरी लागोपाठ तीन उन्हाळे गॅस भरला जात होता. मी गेलो तेव्हा दोष नळीच्या सांध्यावरच्या एका फ्लेअर नटचा निघाला. बंद नळीतला गॅस वापरून संपत नाही, संपला तर गळतीच असते, हे त्या माणसांना तोवर कोणी सांगितलंच नव्हतं. मला त्याचं फार वाईट वाटलं.

उबेसाठी वेगळा हीटर घेऊ नका. दोन्ही कामं करणारं यंत्र, म्हणजे हीट पंप, बाहेरच्या हवेतली उष्णता आत ओढतं, त्यामुळे एका युनिट विजेत साधारण तीन युनिट ऊब मिळते. कडाक्याच्या थंडीत हे प्रमाण घटतं, म्हणून तुमच्याकडच्या सर्वांत थंड रात्रीला यंत्र किती ऊब देईल, तो आकडा लेखी घ्या.

यंत्रासाठी स्वतंत्र वायर आणि एमसीबी (वीज जास्त वाहिली की आपोआप बंद होणारी कळ), पाणी वाहून जायला उताराची नळी, दोन्ही तांब्याच्या नळ्यांना वेगवेगळं आवरण, दाबाची चाचणी, व्हॅक्यूम : तिसऱ्या कोटेशनात हे सगळं लिहिलेलं आहे का ते पाहा. असेल तर तीच यादी पहिल्याच्या हाती द्या आणि त्याच्याकडून नवा आकडा मागवा. मग दोन्ही कागद शेजारी ठेवा.