वजन, दाट स्तन आणि मॅमोग्राफीचा रिपोर्ट

प्रश्न : वय ५३, पाळी जाऊन दोन वर्षं झाली. उंची १५५ सेंमी, वजन ६८ किलो. मॅमोग्राफीच्या रिपोर्टमध्ये ‘एसीआर सी, बाय-रॅड्स २’ असं लिहिलंय, शिवाय सोनोग्राफी करायला सांगितलीय. माझ्या जाडीमुळेच स्तन दाट झालेत का? वजन उतरवलं की दाटपणा आणि कॅन्सरचा धोका, दोन्ही जातील ना?
– एक वाचक, सांगली

उत्तर : आधी आकडा. ‘बाय-रॅड्स २’ म्हणजे जे काही दिसलं ते निरुपद्रवी आहे, कॅन्सरचा संशय नाही. ‘सी’ हे अक्षर निराळं. स्तनात चरबीच्या मानाने दूधग्रंथी आणि तंतुमय भाग किती, ते त्यातून कळतं. ‘ए’ म्हणजे जवळजवळ सगळी चरबी, ‘डी’ म्हणजे अतिशय दाट. हाताला घट्ट लागणारा स्तन दाट असेलच असं नाही. दाटपणा कळतो तो फिल्मवरच.

तुमचा समज नेमका उलटा आहे. चरबी वाढली की दाट भागाचं प्रमाण कमी भरतं. म्हणूनच वजन उतरवल्यावर पुढच्या रिपोर्टमध्ये दाटपणा वाढलेला दिसू शकतो. चरबी घटल्याने प्रमाण बदललेलं असतं, तेव्हा घाबरून वजन पुन्हा वाढू देऊ नका.

कारण लठ्ठपणाचा धोका वेगळ्या वाटेने येतो. पाळी गेल्यावर बीजांडकोशातून येणारं इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक जवळपास थांबतं, मग ते मुख्यतः चरबीतच तयार होतं. तिथलं अरोमाटेज नावाचं विकर शरीरातल्या पुरुषी संप्रेरकांचं इस्ट्रोजेन करतं. चरबी जास्त, तर इस्ट्रोजेन जास्त, आणि त्यावर वाढणाऱ्या गाठींची शक्यताही जास्त. तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २८.३ येतो. भारतीयांसाठी २५ पासून पुढे लठ्ठपणा धरतात, त्यामुळे ६० किलोच्या खाली येणं हे पहिलं उद्दिष्ट ठेवा. कमरेचा घेरही मोजा, तो ८० सेंमीच्या आत हवा. धोका कमी होईल, शून्य होणार नाही.

दाटपणाची अडचण दुहेरी. त्याने स्वतःहून धोका वाढतो, आणि फिल्मवर ग्रंथीही पांढऱ्या, गाठही पांढरी, त्यामुळे लहान गाठ झाकली जाते. सोनोग्राफी सांगितली ती यासाठीच; जरूर करून घ्या. तिच्यात कधी निरुपद्रवी गाठीही दिसतात आणि सुईने तपासणी करावी लागते, हे आधीच माहीत असू द्या. मात्र नुसत्या सोनोग्राफीवर भागवू नका, कॅल्शियमचे बारीक कण मॅमोग्राफीतच नीट दिसतात. आई-बहिणीला हा कॅन्सर झाला असेल किंवा तुम्ही हार्मोनच्या गोळ्या घेत असाल, तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. आणि रिपोर्ट चांगला असला तरी गाठ लागली, कातडी आत ओढली गेली किंवा बोंडातून रक्त आलं, तर पुढच्या वर्षाची वाट न पाहता लगेच दाखवा.

प्रश्न : मॅमोग्राफीला जाताना काय काळजी घ्यावी?

उत्तर : पाळी चालू असेल तर ती संपल्यानंतरचा आठवडा निवडा, तेव्हा दाबल्यावर कमी दुखतं. त्या दिवशी काखेत पावडर किंवा डिओडरंट लावू नका, त्यातले कण फिल्मवर कॅल्शियमसारखे दिसतात. वरचे कपडे वेगळे काढता येतील असा पोशाख घाला. प्रत्येक बाजूच्या दोन, अशा एकूण चार फिल्म काढतात. जुन्या फिल्म सोबत न्या. नुसता जुना रिपोर्ट तुलनेला पुरत नाही.